हाफिजला विचारलेला प्रश्न

इराणात यल्दाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लांब रात्री घरोघरी हाफिजचा दिवाण उघडतात. मनात प्रश्न धरायचा. जी गझल निघेल ते उत्तर. लग्न, नोकरी, परदेशी गेलेला मुलगा, सगळं १४व्या शतकातल्या शिराझच्या कवीला विचारायचं! ही नुसती अंधश्रद्धा का? आम्हाला तसं वाटत नाही. फारसीत ‘ऊ’ या सर्वनामाला लिंग नाही. त्यामुळे प्रेयसी, मित्र, राजा, ईश्वर, कुणीही तिथे बसू शकतो. वाचणाऱ्यालाही जागा मिळते. पण आमची एक तक्रार आहे. दिलासा घेताना आपण हाफिजने ढोंगी धर्मोपदेशकांचा केलेला उपहास वगळतो. त्यातला ढोंगी कधीकधी आपणच असतो, हे कबूल केलं, तरच उत्तर पुरतं ऐकलं म्हणायचं.