द्रोण आणि शल्य : प्रतिस्पर्ध्याच्या घरून आणलेला प्रशिक्षक

मराठीत क्रिकेटच्या प्रशिक्षकावर लिहायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात द्रोणाचार्य हजर होतात. त्याला कारणही आहे. सरकारी पुरस्कारच द्रोणाच्या नावाचा. १९९० साली तो रमाकांत आचरेकरांना मिळाला. वासू परांजप्यांवर २०२० मध्ये इंग्रजी पुस्तक आलं, त्याचं नावही ‘क्रिकेट द्रोण’. या उपमेत एक सोय आहे. गुरू म्हटलं की पगार, करार, मुदत, मुदतवाढ हे शब्द आपोआप बाजूला पडतात. माझी तक्रार त्या सोयीबद्दल आहे. एका संघाचा माणूस दुसऱ्या संघानं पैसे देऊन आणला की पाहणाऱ्यांच्या मनात जे कालवाकालव करणारं काहीतरी सुरू होतं, ते या गुरुभक्तीच्या भाषेत मावत नाही, आणि म्हणून आपल्याकडे ते लिहिलंच जात नाही.

खरं तर महाभारतातला द्रोण हा नोकरीला ठेवलेला माणूस आहे. द्रुपदाकडून अपमान होऊन तो हस्तिनापुरात आला, भीष्मानं त्याला राजपुत्र शिकवायला ठेवलं, आणि दक्षिणा म्हणून त्यानं शिष्यांकरवी जुना हिशेब चुकता केला. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावर जे प्रकरण लिहिलं, त्याचं शीर्षकच ‘परधर्मो भयावहः’ आहे. तिथे भाबड्या गुरुपूजेला जागा नाही. आमच्या क्रीडालेखकांनी उपमा उचलली ती मात्र कर्व्यांचा द्रोण वगळून.

त्यातला एक प्रसंग आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर कवच उतरवून समोरच्या सैन्यातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला जातो. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य, चौघेही थोड्याफार फरकानं एकच सांगतात : कौरवांच्या अर्थानं आम्ही बांधले गेलो आहोत, लढणार त्यांच्याकडूनच. द्रोण पुढे जाऊन म्हणतो की लढेन त्यांच्यासाठी, पण जय तुझाच व्हावा असं वाटतं. आता हे वाक्य दुर्योधनाच्या बाजूनं वाचून पाहा. ज्याच्या पगारावर आपला सेनापती आहे, त्याच्या मनात विजय दुसऱ्याचा. परक्या प्रशिक्षकाबद्दल चाहत्याला जी धाकधूक असते ती नेमकी हीच.

जून २०२२. बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान, रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, मध्य प्रदेशचे चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकर सरांचे विद्यार्थी. मुंबईनं ३७४ केल्या, मध्य प्रदेशनं ५३६, आणि शेवटच्या दिवशी सहा गडी राखून त्यांनी पहिलीच रणजी जिंकली. त्या आठवड्यात मी वाचलेल्या बहुतेक मराठी मजकुराचा सूर एकच होता : हरवलं ते आपल्याच माणसानं. ट्रेनमध्ये, कट्ट्यावरही तेच. हरण्याचं दुःख आणि हरवणाऱ्याचा अभिमान एकाच घोटात. मला तेव्हाही ही जरा चलाखी वाटली होती. जिंकलो तर आपण जिंकलो, हरलो तरी आपणच जिंकलो. मग समोरच्या संघानं खेळायचं कशाला?

पंडित ‘आपले’ होते यात शंका नाही. मुंबईचे यष्टिरक्षक, मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी जिंकून देणारे प्रशिक्षक. पण जानेवारी २०१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईनं त्यांना पुढे ठेवलं नाही. विदर्भानं घेतलं. हे वाक्य त्या जून महिन्यात फारसं कुणी लिहिलं नाही. आपला माणूस आपणच सोडला होता, ही गोष्ट ‘आपला माणूस’ या शब्दप्रयोगात बसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच चिन्नास्वामीवर, १९९९ साली, रणजीचा अंतिम सामना मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरला होता. त्या मध्य प्रदेशचा कर्णधार होता चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर ते रडले, ते मुंबईला हरवलं म्हणून नव्हे. इंदूरच्या माणसाला हे सांगावं लागत नव्हतं. त्याच्या लेखी हा भाड्यानं आणलेला मुंबईकर नव्हता; अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला परत आलेला त्यांचा जुना कप्तान होता. आणि बाहेरचा माणूस आणून त्याला आपला म्हणण्याची इंदूरला सवय जुनी. होळकरांच्या संघाचा सगळ्यात मोठा मानकरी सी. के. नायडू मूळचा नागपूरचा.

नागपूरची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि मराठी समीक्षकानं थांबायला हवं ते इथे. विदर्भ सहा दशकं रणजी खेळत होता, अंतिम सामना कधी पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये पंडित आले. फैज फझलच्या नेतृत्वाखाली, इंदूरच्या होळकर मैदानावर, १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा करंडक, या वेळी नागपुरातच, सौराष्ट्राला हरवून. संघात मुंबईचा वसीम जाफरही होता. आनंद होणारच. पण जे शहर १९५६ पर्यंत एका राज्याची राजधानी होतं आणि नंतर मुंबईकडे तोंड करून बसणं ज्याच्या वाट्याला आलं, त्या शहरात ‘मुंबईच्या माणसानं येऊन जिंकायला शिकवलं’ हे वाक्य कसं ऐकू येईल? नागपूर करारातल्या आश्वासनांची आठवण जिथे अजून निघते, तिथे ते वाक्य फक्त क्रिकेटचं राहत नाही. मुंबईत ते आम्ही सहज बोललो. गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक केली ती त्याच्या हातांनी. अकादमी उभी केली ती विदर्भाच्या संघटनेनं. आणि श्रेय वाटताना पहिलं नाव शिवाजी पार्कचं.

याचं उत्तर लेखातून नव्हे, धावफलकातून आलं. पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशाकडे गेले. उस्मान घनी या घरच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली विदर्भ मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर अंतिम सामना खेळला आणि मुंबईकडून १६९ धावांनी हरला. पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत नागपुरात मुंबईला ८० धावांनी काढलं आणि करंडकही घेतला. बाहेरचा माणूस गेल्यावरही घर उभं राहिलं. पंडितांचं काम कमी ठरतं असं मी म्हणत नाही; उलट चांगल्या नेमणुकीची खूण मला हीच वाटते. पण त्या २०२५ च्या पराभवात ‘आपल्याच माणसानं हरवलं’ म्हणायची सोय आम्हाला उरली नव्हती, आणि मुंबईकडच्या लिखाणाचा सूर किती कोरडा झाला ते मी तेव्हा पाहिलं.

आता उलटी बाजू. २०२३-२४ मध्ये तमिळनाडूचे प्रशिक्षक होते सुलक्षण कुलकर्णी. मुंबईचेच, २०१२-१३ ची रणजी मुंबईला मिळाली तेव्हाचे प्रशिक्षक. (तेही यष्टिरक्षक. पंडित, कुलकर्णी, समीर दिघे, विनायक सामंत : मुंबईनं पाठोपाठ यष्टिरक्षकच प्रशिक्षक केले. यष्टीमागून सगळं मैदान दिसतं म्हणून की काय, कुणीतरी शोधायला हवं.) तमिळनाडूनं शेवटची रणजी जिंकली १९८७-८८ मध्ये. सात वर्षांनी संघ उपांत्य फेरीत आला, आणि गाठ पडली मुंबईशी, तीही वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. कर्णधार साई किशोरनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. १४६ सर्व बाद. शार्दुल ठाकूरच्या शतकानं मुंबई ३७८ वर गेली, आणि तमिळनाडू एक डाव ७० धावांनी हरली. तिसऱ्याच दिवशी सगळं संपलं.

त्यानंतर कुलकर्णी जाहीरपणे बोलले. सामना पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजताच हरलो, गोलंदाजी घ्यायला हवी होती, मी मुंबईकर आहे, इथलं हवामान-खेळपट्टी मला ठाऊक आहे, अशा अर्थाचं. तमिळनाडूत भडका उडाला. त्या हंगामात ५३ बळी घेणाऱ्या कर्णधाराला प्रशिक्षकानं उघड्यावर टाकलं, म्हणून दिनेश कार्तिकनंही जाहीर नाराजी दाखवली.

इथे द्रोण उपयोगाचा नाही, शल्य लागतो. शल्य हा नकुल-सहदेवाचा मामा. दुर्योधनानं वाटेत पाहुणचार करून त्याला आपल्याकडे ओढलं, आणि तो कर्णाचा सारथी झाला. रथ हाकताना तो कर्णाला टोचत राहिला, कारण तसं वचन त्यानं आधीच युधिष्ठिराला दिलं होतं. कुलकर्ण्यांनी असलं काही केलं असं सुचवणंही अन्याय होईल. त्यांचा खेळपट्टीचा अंदाज बहुधा बरोबरच होता. अडचण वेगळीच आहे. त्यांना घेतलं होतं ते याच ज्ञानासाठी. पण पराभवाच्या संध्याकाळी ‘मी मुंबईकर’ हे दोन शब्द चेन्नईत ज्ञान म्हणून ऐकू येत नाहीत, नातं म्हणून ऐकू येतात. जिंकला असता तर तोच माणूस, त्याच दोन शब्दांसह, द्रोण ठरला असता. हरला, शल्य झाला. पंडित आणि कुलकर्णी यांच्यातलं अंतर स्वभावाचं असेलही, पण चाहत्यांच्या लेखी ते निकालाचं आहे. आणि आमच्याकडे? कर्णधार फसला, आमचा माणूस खरा बोलला, म्हणून गालातल्या गालात हसणारे मला पुष्कळ भेटले. साई किशोरच्या जागी आपला कप्तान आणि कुलकर्ण्यांच्या जागी चेन्नईचा कुणी, असं मनात उभं करून पाहिलेला एकही नाही.

महाभारतकारानं हा प्रश्न अधिक अवघड करून ठेवलाय. आपल्याला मारण्यासाठीच यज्ञातून जन्मलेल्या धृष्टद्युम्नाला द्रोणानं स्वतः घरी आणून अस्त्रं शिकवली. जे व्हायचं ते चुकत नाही हे तो जाणून होता. पण विद्या मागणाऱ्याला नाही म्हटलं तर आपल्या नावाचं काय, हेही त्याच्या मनात होतं. गुरूची थोरवी म्हणून ही गोष्ट सांगतात. मला त्यात व्यवसायाचा अभिमान दिसतो, आणि तो मला थोरवीपेक्षा अधिक पटतो.

मी भायखळ्यात राहतो. दादर इथून चौथं स्टेशन, पण क्रिकेटची ती पंढरी आमच्यासाठी तशी परगावच. आमच्या शेजारचा खेळ म्हणजे नागपाड्याचा बास्केटबॉल, ज्यातून १९७० चा अर्जुन पुरस्कारविजेता अब्बास मुंतसिर आला. या अंतराचा एक फायदा होतो : मुंबईचं क्रिकेट किती बंदिस्त घर आहे ते इथून नीट दिसतं. प्रवीण आमरे, कुलकर्णी, पंडित, दिघे, सामंत, रमेश पोवार, मुजुमदार, ओंकार साळवी. सगळे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. आम्ही प्रशिक्षक पाठवतो, आणत नाही. गंमत अशी की याच घराचे कुलगुरू आचरेकर सर दुसरीकडची माणसं आणायला कधी लाजले नाहीत. वांद्र्याच्या शाळेत शिकणारा सचिन त्यांच्या सल्ल्यानं दादरच्या शारदाश्रमात आला, आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

गेल्या वर्षी हा लेख डोक्यात असताना मी परळच्या एका क्लबातल्या जुन्या खेळाडूंसमोर एक नाव टाकलं : अमय खुरासिया. मध्य प्रदेशचा माणूस, केरळला २०२५ मध्ये इतिहासातल्या पहिल्या रणजी अंतिम सामन्यापर्यंत नेणारा प्रशिक्षक. उद्या मुंबईनं त्याला आणलं तर? कुणीच नाही म्हटलं नाही. कुणी हो पण म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, “कांगा लीग खेळलाय का तो?”