सिंहाला प्रवेश, मुलाला मज्जाव

ग्रंथालय आणि वाचनाचा आनंद या विषयावर इंग्रजीत चित्रपुस्तके पुष्कळ निघतात. बरीचशी एकाच साच्यातली असतात. पुस्तक उघडले की पानांतून जहाजे आणि ड्रॅगन बाहेर पडतात आणि वाचन किती छान असते, हे शेवटी कोणीतरी मोठे माणूस सांगते. ते सांगावे लागले, म्हणजे गोष्ट फसली असेच समजावे! या गर्दीतली दोन पुस्तके मात्र शिक्षकांनी जोडीने वाचावीत अशी आहेत.

मिशेल नडसन यांच्या 'लायब्ररी लायन'मध्ये (२००६, चित्रे : केव्हिन हॉक्स) एक सिंह ग्रंथालयात शिरतो. मदतनीस धावत तक्रार घेऊन येतो. ग्रंथपालबाई एवढेच विचारतात, की तो नियम मोडतो आहे का? सिंहांविषयी नियमच नसल्याने सिंह राहतो. पुढे बाई पडून त्यांचा हात मोडतो, तेव्हा मदत बोलावण्यासाठी त्याला डरकाळी फोडावी लागते. नियम कशासाठी असतो, हा प्रश्न पहिलीच्या मुलालाही इथे पडतो.

'रॉन्स बिग मिशन' (२००९, लेखन : रोझ ब्लू व कोरिन नेडन, चित्रे : डॉन टेट) हे खऱ्या घटनेवर बेतलेले आहे. १९५९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातल्या लेक सिटी गावी रोनाल्ड मॅकनेअर हा मुलगा ग्रंथालयात पुस्तके घ्यायला गेला. त्याचा जन्म ऑक्टोबर १९५० चा, म्हणजे तेव्हा त्याचे नववे वर्ष चालू होते. मुलगा कृष्णवर्णीय, म्हणून पुस्तके मिळेनात. तो देवघेवीच्या टेबलावर चढून बसला. पोलीस आले, आईला बोलावणे गेले आणि अखेर पुस्तके मिळाली. हाच मुलगा पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला. १९७६ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट, लेसरवर संशोधन, १९८४ मध्ये अंतराळप्रवास. आणि २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर'च्या स्फोटात मृत्यू.

चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही. पुस्तकातली सर्वांत चांगली जागा म्हणजे एक गोरी बाई स्वतःच्या नावावर पुस्तके घेऊन द्यायला तयार होते आणि रॉन नको म्हणतो. त्याला पुस्तके हवी आहेतच, पण स्वतःच्या नावावर.

आमची तक्रार वेगळी आहे. भाऊ कार्ल यांच्या आठवणीत रोनाल्ड आत शिरताच सगळे टक लावून बघू लागतात, कारण ते ग्रंथालयच गोऱ्यांचे. पुस्तकात मात्र ग्रंथपाल त्याचे प्रेमाने स्वागत करते. अडचण उरते ती फक्त पुस्तक घरी नेण्याची. अन्याय असा सौम्य केला, की तो एका टेबलापुरता आणि एका बाईच्या मर्जीपुरता वाटू लागतो. नियम कोणी केला होता, दुसऱ्या दिवशी दुसरे कृष्णवर्णीय मूल आले असते तर काय झाले असते, हे प्रश्न लेखिका विचारत नाहीत.

आणि वाचन? कार्ल यांच्या म्हणण्याप्रमाणे रोनाल्डला भौतिकशास्त्र आणि कलनासारख्या विषयांची पुस्तके हवी होती. इथे ती विमानांची होतात. लहान वाचकांसाठी हा बदल चालेल. पण ज्या पुस्तकांसाठी एवढा हट्ट, त्यांच्यात त्याला काय सापडले, कोणता प्रश्न पडला, याचा मागमूस नाही. विमान हवेत का टिकते, एवढे कुतूहल जरी एका पानावर दिसते, तर हट्टाचे मूळ कळले असते. ते पान शिक्षकाला वर्गातच तयार करावे लागेल.

इंग्रजी सोपे आहे. पाचवी-सहावीला मराठीत सांगत वाचता येईल. आधी सिंहाची गोष्ट वाचावी, मग रॉनची. सिंहाला आत घेतले आणि मुलाला अडवले ते का, हे मुले आपणहून विचारतात का, ते बघावे.