‘आकर्षक पगार’ : एक रसग्रहण

समीक्षक मंडळी कवितासंग्रह घेतात, कादंबऱ्या घेतात; पेपरातलं ‘पाहिजेत’चं पान मात्र कुणी समीक्षेला घेत नाही. मी घेतो. एक तर ते शेजाऱ्यांकडे फुकट वाचायला मिळतं, आणि दुसरं म्हणजे त्या पानावर माझं स्वतःचं लेखन नुकतंच प्रसिद्ध होऊन साफ पडलं आहे.

त्याचं असं झालं. माझ्या मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ दोन आणि टर्नर एक. दुसरा टर्नर दिवाळीला गावी गेला, तो परतला थेट समोरच्या शेडमध्ये. इकडे लेथ बंद, ऑर्डर अडलेली, आणि लेथच्या कर्जाला जामीन कोण? अस्मादिक!

‘‘भावोजी, तुम्ही लिहिता ना? मग जाहिरात लिहून द्या.’’

‘‘पगार किती लिहू?’’

‘‘आकर्षक लिहा.’’

मी लिहिलं : ‘अनुभवी, होतकरू, प्रामाणिक, कष्टाळू, निर्व्यसनी टर्नर पाहिजे. घरगुती वातावरण. पगार आकर्षक.’

आता अलिप्तपणे पाहतो. माणसाला विशेषणं पाच, पगाराला एक. आणि तेही आकडा झाकायला. ‘घरगुती वातावरण’ वाचून तर जाणकार दचकतोच. घरात कामाचे पैसे कोण देतं? (आमच्या हिला विचारा.) एकच फोन आला. ‘‘आकर्षक म्हणजे किती?’’ मेहुणा म्हणाला, ‘‘समक्ष या, बोलू.’’ तो अजून यायचाय.

या वाङ्मयप्रकारातली खरी अभिजात कृती म्हणजे हेन्री फोर्डची १९१४ सालची घोषणा. डेट्रॉईटजवळच्या त्याच्या कारखान्यात माणूस टिकेना. १४,००० माणसं कामावर राहावीत म्हणून १९१३ साली ५२,००० च्या वर माणसं भरावी लागली. मी बी.कॉम. असल्यामुळे भागाकार केला : एका जागेला वर्षात जवळजवळ पावणेचार माणसं! ९ तासांची किमान मजुरी २.३४ डॉलर होती. ५ जानेवारीला फोर्डने जाहीर केलं : ८ तास, ५ डॉलर. आकडा उघडा. गेटवर हजारोंची झुंबड उडाली. आवरेना तेव्हा ऐन थंडीत त्यांच्यावर बंबाचं पाणी मारलं. पण नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण त्याच वर्षी धाडकन उतरलं.

मात्र कृती निर्दोष नाही. त्या ५ डॉलरांतला निम्मा भाग नफ्यातला वाटा होता आणि त्याला अटी होत्या. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. तो पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, शिल्लक टाकतो का, हे पाहत. पासबुकसुद्धा बघत! म्हणजे ‘निर्व्यसनी’ आणि ‘घरगुती’ तिथेही होतंच, फक्त बारीक टाइपात. एवढ्यापुरते गुण मी कापतो.

हे सगळं मी मेहुण्याला रंगवून सांगितलं. त्याने नेमकं नको ते उचललं. ‘‘पासबुक? मग भावोजी, तुम्ही बँकेतच आहात की!’’

दोन कप चहा आणि हप्त्याची तारीख पुढे केल्यावर तो आकड्याला तयार झाला. रविवारी छापून आलं : ‘टर्नर पाहिजे. ८ तास. पगार २२,०००.’ सकाळी सातलाच फोन वाजला. मेहुण्याने स्पीकर लावला.

‘‘शेठ, जाहिरात वाचली.’’

‘‘वा! कुठून बोलताय?’’

‘‘आपल्याच वर्कशॉपमधून. पहिल्या लेथवरून. हा पगार मलापण ना?’’

मेहुण्याने फोन माझ्या हातात दिला.