‘अचूक’ या विशेषणाची छाननी

विमानांतून टाकावयाच्या मार्गदर्शित बॉम्बांचा जो इतिहास अलीकडे सर्वत्र सांगितला जातो, त्यांत ‘अचूक’ हें विशेषण इतक्या सढळ हातानें योजिलेलें असतें कीं, तें सिद्ध झालेलें प्रमेयच आहे असा वाचकाचा ग्रह व्हावा. बखरकारानें आपल्या धन्यास लाविलेलीं विशेषणें आपण समकालीन कागदांशीं ताडून पाहतों. तोच न्याय येथेंहि लाविला पाहिजे. कारण या शब्दावर विसंबून माणसें मारलीं जातात.

प्रथम जें निर्विवाद आहे तें मान्य करूं. ९ सप्टेंबर १९४३ रोजीं जर्मन विमानांनीं रेडिओनें वळविला जाणारा ‘फ्रिट्झ-एक्स’ बॉम्ब टाकून इटलीची ‘रोमा’ ही युद्धनौका बुडविली. उत्तर व्हिएतनाममधील थान्ह होआचा पूल १९६५ पासून वारंवार हल्ले होऊनहि उभा होता. तो १३ मे १९७२ रोजीं लेसर-मार्गदर्शित बॉम्बांनीं पाडला. लक्ष्यावरून परतणाऱ्या लेसर-प्रकाशाचा माग काढीत येणारा हा बॉम्ब साध्या बॉम्बाहून पुष्कळच नेमका पडतो, याविषयीं वाद नाहीं.

वाद आहे तो पुढील दाव्यांविषयीं. १९९१ च्या इराकवरील युद्धानंतर ‘एका लक्ष्यास एक बॉम्ब’ असें या शस्त्राचें वर्णन होऊं लागलें. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीनें युद्धकाळच्या नोंदी तपासून १९९७ त अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्या लक्ष्यांवर सरासरीनें चार लेसर-बॉम्ब टाकले गेले होते; दोहोंहून कमी एकावरहि नव्हते. एफ-११७ विमानांच्या यशाचें प्रमाण संरक्षणखात्यानें ८० टक्के सांगितलें होतें. अहवालास तें ४१ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आढळलें. ढग, धूर व धूळ आड आलीं कीं प्रकाशाचा माग तुटतो, हें त्याचें एक कारण. विजयवृत्तापेक्षां हिशेबाचा कागद अधिक विश्वसनीय ठरतो, हा आपला नेहमींचा अनुभव येथेंहि येतो.

परंतु या मोजणीनेंहि प्रश्न संपत नाहीं. १३ फेब्रुवारी १९९१ रोजीं बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर दोन मार्गदर्शित बॉम्ब नेमके पडले. अमेरिकेनें तें लष्करी ठाणें मानिलें होतें. आंत मेले ते चारशेंहून अधिक नागरिक. ७ मे १९९९ च्या रात्रीं बेलग्रेड येथील चिनी वकिलातीवर उपग्रहाच्या साह्यानें मार्ग काढणारे पांच बॉम्ब पडले व तीन चिनी पत्रकार ठार झाले. अमेरिकेच्या खुलाशाप्रमाणें, मारावयाची होती ती सैन्यसामग्रीच्या खरेदीची एक सरकारी कचेरी. समांतर रस्त्यांवरील घरक्रमांकांवरून तिची जागा अनुमानानें ठरविली गेली. वकिलात १९९६ त नव्या जागीं गेल्याची नोंद नकाशांत व याद्यांत नव्हती. चीननें हा खुलासा स्वीकारला नाहीं. पण तो खरा धरला तरी बॉम्बांत दोष निघत नाहीं. सांगितलेल्या अक्षांश-रेखांशांवरच ते गेले.

पोथीच्या अखेरीस लेखनिक बहुधा सांगतो कीं, समोर होतें तसेंच उतरिलें, दोष माझा मानूं नये. त्याचें म्हणणें रास्त असतें. पण मूळ प्रतच भ्रष्ट असेल तर त्याच्या इमानदारीनें पाठ शुद्ध होत नाहीं, उलट अशुद्ध पाठ जसाचा तसा पुढें जातो. उपग्रह-मार्गदर्शित बॉम्ब हा असाच लेखनिक होय. तो लक्ष्य पाहत नाहीं. दिलेला अंक गिरवितो.

तेव्हां या विषयावर लिहिणाऱ्यानें दोन प्रश्न वेगळे ठेवावे. बॉम्ब सांगितल्या जागीं पडला काय? आणि ती जागा सांगणाऱ्यानें मानिली तीच होती काय? पहिल्याचें उत्तर वैमानिकाच्या नोंदींत मिळेल. दुसऱ्यासाठीं नकाशे, याद्या, त्या जागेवर वाचलेल्यांच्या जबान्या व मृतांचीं नांवें यांकडेच गेलें पाहिजे. हीं साधनें आज विखुरलेलीं आहेत. तीं नष्ट होण्यापूर्वीं जमविणें हें संशोधकांचें काम आहे. तोंपर्यंत ‘अचूक’ हा शब्द एका पक्षाचा दावा म्हणूनच नोंदविला जावा.