अविश्वसनीय निवेदक आणि वाचकाचा अपेक्षाभंग

पॉला हॉकिन्स यांची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) ही कादंबरी अमाप खपली. तरी शेवट वाचून निराश झालेले वाचकही पुष्कळ. मद्यामुळे काही आठवत नसलेली निवेदिका रेचल हे त्याचे कारण मानले जाते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही.

हदीसशास्त्रात रावीची सचोटी आणि स्मरणशक्ती वेगवेगळी तपासली जाते. स्मृती दुर्बल असलेला रावी लबाड ठरत नाही. त्याच्या कथनाला दुसऱ्या रावीचा आधार लागतो, एवढेच. पांढुर्ण्याच्या गोटमारीची दंतकथा कोणी प्रेमाची सांगतो, कोणी अपहरणाची. पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला असे पाठभेद ताडण्याची सवय आहे.

कादंबरीत हा आधार मेगनच्या निवेदनातून मिळायला हवा होता. पण मेगन प्रियकराचे नाव न घेता केवळ ‘तो’ म्हणते. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मधील (१९२६) डॉ. शेपर्डही काही मिनिटांचा वृत्तान्त गाळतो. पण तो स्वतःच खुनी आहे, लपवण्यास त्याला कारण आहे. मेगनला तसे कारण नाही. येथे लपवते ती लेखिका.

सारांश, निवेदक अविश्वसनीय असला तर वाचक ते सोसतो. लेखकाचा तसा व्यवहार तो माफ करत नाही.