कारखान्यात घडणारी दुर्मीळता

एखाद्या छंदाला लोक नावं ठेवायचे थांबले की त्या छंदाची माणसं खूश होणार, अशी आपली समजूत असते. बाहुल्या जमवणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत ती निम्मीच खरी ठरली आहे. २०२३ च्या जुलैमध्ये ग्रेटा गर्विगचा ‘बार्बी’ आला आणि जगभरात त्यानं १४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. पुढच्याच वर्षी ‘ब्लॅकपिंक’ या कोरियन गटातली लिसा बॅगेला ‘लबुबू’ नावाची बाहुली लटकवून हिंडू लागली आणि पाहता पाहता ते दातेरी हसू सगळ्या मोठ्या शहरांत दिसायला लागलं. ‘एवढी घोडी झाली तरी बाहुल्या!’ हे वाक्य ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं, त्यांना आता ते फारसं ऐकावं लागत नाही. तरीही जुन्या संग्राहकांच्या बोलण्यात एक कडवटपणा आहे. भाव वाढले, नवी बाहुली दुकानात येण्याआधीच संपते, कालपरवा आलेल्यांना काही ठाऊक नसतं, अशा त्या तक्रारी आहेत. ऐकणारा त्यावर ‘यांना गर्दी नको आहे, आपण चार जणच शहाणे हे मिरवायचं आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो. तक्रार करणारे आणि शेरा मारणारे दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवतात, असं मला वाटतं. गर्दीनं संग्राहकांचं फारसं काही नेलेलं नाही. त्यांच्या हातून गेलं आहे ते मोल ठरवण्याचं काम, आणि ते नेलं आहे बाहुल्या बनवणाऱ्यांनी.

हे काम म्हणजे काय, ते ब्लाइथ नावाच्या बाहुलीच्या कहाणीत सर्वांत स्पष्ट दिसतं. १९७२ साली अमेरिकेतल्या केनर कंपनीनं ती बाजारात आणली. शिकागोच्या मार्विन ग्लास या खेळणी-रचनेच्या कंपनीत ॲलिसन कॅट्झमन यांनी तिचं रूप घडवलं होतं. शरीर चिमुकलं, डोकं अवाढव्य, आणि डोक्यामागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलायचा : हिरवा, गुलाबी, निळा, नारिंगी. मुलांना ती आवडली नाही. काहींना तर तिची भीतीच वाटली म्हणतात. वर्षभरात तिचं उत्पादन बंद झालं. त्यानंतर पाव शतक ती माळ्यांवर आणि जुन्या बाजारात पडून होती, आणि तिची आठवण ठेवणारे थोडेसे संग्राहक तेवढे उरले होते. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या जीना गॅरन या निर्मातीच्या हाती अशी एक ब्लाइथ आली. प्रवासात, रस्त्यात, बर्फात, पाण्याकाठी गॅरन तिचे फोटो काढत राहिल्या आणि २००० साली त्या फोटोंचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी जपानमधल्या पार्को या दुकानसाखळीनं नाताळच्या जाहिरातीत ब्लाइथला उभं केलं आणि २००१ च्या जूनमध्ये टाकारा कंपनीनं ‘निओ ब्लाइथ’ नावानं ती नव्यानं विकायला काढली. आज १९७२ ची चांगल्या स्थितीतली केनर ब्लाइथ हजाराहून अधिक डॉलरना जाते. या सगळ्या प्रवासात बाहुलीत कणभरही फरक पडलेला नव्हता. तिच्याकडे बघणारं कुणीतरी भेटलं, एवढंच घडलं होतं. बाजारानं, कंपनीनं, ज्यांच्यासाठी ती केली त्या मुलांनीही नाकारलेली वस्तू एका नजरेनं पुन्हा मोलाची ठरवली.

मराठी वाचकाला ही नजर अनोळखी नसावी. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, घरगुती भांडी जमवायला घेतली तेव्हा लोक या वस्तू मोडीत घालत होते. कुठल्याही कासारानं ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून अडकित्ता घडवला नव्हता. केळकर संग्रहालयाची श्रीमंती त्या धातूपेक्षा निवडणाऱ्याच्या डोळ्यात आहे. संग्रह ही कला मानायची असेल तर ती याच अर्थानं : जगाने दुय्यम मानलेल्या ढिगातून काय उचलायचं, ते कशाशेजारी ठेवायचं आणि का, हे ठरवणं. बाहुल्यांच्या छंदात या निवडीला आणखी एक धार होती. बाहुली ही आधीच मुलींची, म्हणून हलकी मानलेली वस्तू. तिला गंभीरपणे घेणं हाच एक आग्रह होता.

कंपन्यांना या डोळ्याची किंमत कळायला वेळ लागला नाही. बार्बी बनवणाऱ्या मॅटेलनं १९८८ साली ‘हॅपी हॉलिडेज’ बार्बी काढली. लाल झगमगीत झगा, नाताळचा मुहूर्त, दरवर्षी नवी बाहुली, आणि ही खेळायची नव्हे तर जपून ठेवायची आहे असा थाट. नव्वदच्या दशकात ही मालिका घराघरांत गेली. लोकांनी खोकं न उघडता ती माळ्यावर ठेवली. उद्या या बाहुलीवर पोरांची कॉलेजं होतील असाच हिशोब अनेकांचा होता. तो चुकला, कारण सगळ्यांनीच ती जपली. जुनी खेळणी दुर्मीळ होतात ती मुलं त्यांचे हातपाय मोडतात, केस कापतात, पावसात विसरून येतात म्हणून. जिला कुणी हातच लावला नाही अशी बाहुली दुर्मीळ होणार कशी? त्या दशकातल्या बहुतेक हॉलिडे बार्बी आज मातीमोल भावात मिळतात. तेव्हाच्या संग्राहकांना हे कळत होतं. १९९७ च्या सुमारास त्यांच्यातल्या काहींनी ‘पिंक अँगर’ नावानं मॅटेलविरुद्ध मोहीम उघडली होती : महागड्या संग्राह्य बाहुल्यांमधल्या गचाळ कामाबद्दल आणि चाहत्यांच्या प्रकाशनांवर कंपनीनं उगारलेल्या कायद्याच्या बडग्याबद्दल. म्हणजे आजची कुरबुर चित्रपटाच्या गर्दीनं जन्माला घातलेली नाही. ती त्याहून पाव शतक जुनी आहे, आणि तेव्हाही तिचा रोख नवख्यांवर नव्हता.

मधल्या काळात तंत्र सफाईदार झालं. मॅटेल आता प्रौढ संग्राहकांसाठी स्वतःच्याच संकेतस्थळावर बाहुल्या विकते. तिच्याच ‘मॉन्स्टर हाय’ बाहुल्यांच्या ‘स्कलेक्टर’ मालिकेत भयपटांतली पात्रं मर्यादित संख्येत निघतात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला, आणि संपल्या की दुप्पट-तिप्पट भावानं दुसरीकडे दिसू लागतात. हे चढ्या भावानं पुढे विकणारे लोक म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा, आणि संग्राहकांचा सगळ्यात मोठा राग त्यांच्यावरच असतो. पण बीळ खणलं कुणी? दहा मिनिटांत संपेल एवढाच माल काढायचा हे विक्रीच्या आधी ठरलेलं असतं. लबुबू विकणाऱ्या पॉप मार्ट कंपनीनं तर निवडीचा प्रश्नच निकालात काढला. कासिंग लुंग या चित्रकारानं २०१५ मध्ये नॉर्डिक लोककथांच्या छायेत ‘द मॉन्स्टर्स’ हे विश्व रेखाटलं, त्यातली लबुबू. २०१९ पासून पॉप मार्टनं ती बंद खोक्यात विकायला घेतली. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि ‘सीक्रेट’ बाहुली मिळण्याची शक्यता बहात्तरात एक. २०२४ मध्ये ‘द मॉन्स्टर्स’मधून कंपनीला ३०० कोटी युआनहून अधिक महसूल मिळाला, आदल्या वर्षीच्या आठपटीहून जास्त. २०२५ च्या जूनमध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी एक लबुबू १० लाख ८० हजार युआनला गेली. ब्रिटनमध्ये तर दुकानांसमोरची रेटारेटी पाहून कंपनीला तिथली दुकानातली विक्रीच काही काळ थांबवावी लागली. या व्यवहारात संग्राहकाच्या डोळ्याला काम उरत नाही. काय दुर्मीळ हे कारखान्यात ठरलं, ते कुणाला मिळणार हे नशिबानं ठरवलं. उरलं फक्त पैसे मोजणं. लॉटरीची तिकिटं जमवणाऱ्याला आपण रसिक म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : हा सगळा जुन्या मंडळींचा सोवळेपणा आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत बाहुली-मंडळांचा महासंघ १९४९ साली स्थापन झाला, आणि त्या पिढीची प्रतिष्ठित बाहुली म्हणजे एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच किंवा जर्मन, चिनीमातीच्या गोऱ्यापान चेहऱ्याची, श्रीमंतांनाच परवडणारी. प्लास्टिकच्या बार्बीकडे त्यातल्या अनेकांनी नाक मुरडूनच पाहिलं. पुढे बार्बीवाल्यांनी ब्रॅट्झ बाहुल्यांकडे तसंच पाहिलं. आता सगळे मिळून लबुबूकडे पाहतात. शिवाय छंद फैलावल्याचे फायदे खरे आहेत. पूर्वी एका टोपासाठी किंवा काचेच्या डोळ्यांच्या जोडीसाठी महिनोन्महिने शोधाशोध व्हायची. ती आता घरबसल्या येते. बाहुल्या जमवणारा पुरुष आता थट्टेचा विषय होत नाही, निदान पूर्वीइतका होत नाही. आणि ज्यांच्या कपाटात आधीपासून चार केनर ब्लाइथ बसलेल्या आहेत त्यांनी महागाईबद्दल उसासे टाकावेत, हे जरा अतीच. हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा तसाच राहतो, कारण नवख्याचीही फसगत तीच आहे. लबुबूची सहा खोकी फोडून सातव्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीकडून जुन्या संग्राहकाचं काही हिरावलं जात नाही. उलट जो आनंद तिला मिळू शकला असता तो तिच्यापर्यंत पोचण्याआधीच कापून घेतलेला असतो. वैताग तिच्यावर काढणं हा मात्र जुन्यांचा दोष, आणि तो त्यांच्या पदरी घालायलाच हवा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ब्लाइथला जाहिरातीत नेलं कुणी? गॅरन यांच्याच फोटोंनी. संग्राहकांनी प्रेमानं एखादी वस्तू वर काढायची, तिच्याभोवती गोष्टी रचायच्या, आणि मग कंपनीनं ती उचलली की गळा काढायचा, हा दुटप्पीपणा नाही का? नाही, असं सरळ म्हणता येत नाही. प्रत्येक संग्राहक आपल्या आवडीचा प्रचारक असतोच. दाखवण्याची हौस नसती तर काचेची कपाटं कशाला लागली असती? पण ब्लाइथचं पुढे काय झालं तेही पाहावं. टाकाराची ब्लाइथ आली म्हणून छंद पोकळ झाला नाही, कारण ती अर्धवट वस्तू म्हणूनच घेतली गेली. लोक तिचा चेहरा कोरतात, घासून गुळगुळीतपणा घालवतात, ओठ नव्यानं घडवतात, डोळ्यांच्या चकत्या बदलतात, टाळूत एकेक केस नव्यानं रोवतात. जपानच्या फोल्क्स कंपनीनं १९९९ मध्ये काढलेल्या ‘सुपर डॉल्फी’ या सांधेजोड रेझिनच्या बाहुलीतही हेच आहे : टोप, डोळे, चेहऱ्याची रंगवणी हे मालकावर सोडलेलं. अशा बाहुल्यांच्या जगात स्वस्त चोरट्या नकला आल्या आणि त्यावरून उभी फूट पडली. तिथला वाद गर्दीचा नव्हता, मूळ घडवणाऱ्याच्या हक्काचा होता. एकूणात, ज्यांचा छंद हातांत आहे त्यांना लोकप्रियतेचा त्रास सगळ्यात कमी होतो असं दिसतं. ज्यांचा छंद शोधण्यात होता त्यांना तो सगळ्यात जास्त.

टास्मानियाच्या सोनिया सिंग यांचं उदाहरण इथे मोलाचं आहे. भंगारातून आणलेल्या ब्रॅट्झ बाहुल्यांचा भडक मेकअप पुसून, साधे चेहरे रंगवून, विणलेले कपडे घालून त्यांनी त्यांना अंगणातल्या पोरींचं रूप दिलं. २०१५ मध्ये ‘ट्री चेंज डॉल्स’ एकाएकी जगभर गाजल्या. मागणीचा लोंढा आल्यावर त्यांनी ही कृती इतरांना कशी करता येईल हे शिकवायला घेतलं. प्रसिद्धी आली, पण ठरवण्याचं काम वाटलं गेलं, एका हाती गेलं नाही. याच्या शेजारी मॅटेलची ‘विअर्ड बार्बी’ ठेवून पाहावी. चित्रपटात ती एका मुलीनं मनसोक्त खेळून विद्रूप केलेली बाहुली आहे : केस कापलेले, तोंडावर रेघोट्या, पाय कायमचे फाकलेले. चित्रपट गाजताच कंपनीनं तीच बाहुली कापलेल्या केसांसह, छापील रेघोट्यांसह विकायला काढली. बाहुलीचं वाट्टेल ते करण्याचा हक्क तेवढा मुलांकडे उरला होता. तोही आता खोक्यात भरून मिळतो. ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात खिन्न करणारी बाहुली वाटते, आणि ती विनोदी म्हणून खपली.

आपल्याकडे हा छंद अजून कोवळा आहे, पण दोन्ही वाटा इथेही दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस लिओ मॅटेल या कंपनीनं भारतात साडीतली बार्बी विकली. ती खेळण्यासाठी होती, बहुतेकींची साडी पहिल्या आठवड्यात सुटली आणि पुन्हा नीट नेसवता आली नाही. आज परदेशातले संग्राहक तीच धडक्या खोक्यात मिळते का ते शोधत असतात, आणि कोणता पदर कोणत्या काळातला याची जुळवाजुळव आपापसात करतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी सजवलेली दिवाळी बार्बी आली : चोळी, फुलांची कोटी, लेहंगा. ती सुरेख आहे, आणि पहिल्या दिवसापासून संग्राह्य म्हणूनच विकली गेली. पुढच्या तीस वर्षांत या दोघींपैकी कुणाबद्दल संग्राहकांना शोधून काढण्यासारखं काही उरेल, याचा अंदाज मी लिओच्या बाजूनं लावीन. तिची साडी कुणीतरी सोडलेली आहे.