शोकाचा हिशेब : फ्रॉइडच्या 'मानसिक ऊर्जे'विषयी

अबोध मन, दमन, स्वप्नांचा अन्वयार्थ या फ्रॉइडच्या कल्पना मराठी वाचकाला आता परक्या राहिलेल्या नाहीत. कथा-कादंबऱ्यांच्या समीक्षेतही त्या, कधी योग्य जागी तर कधी नुसत्या शोभेसाठी, वावरत असतात. मात्र ज्या एका गृहीताचा आधार फ्रॉइडने या कल्पनांना दिला होता, त्या 'मानसिक ऊर्जे'च्या कल्पनेकडे सहसा लक्ष जात नाही. मन म्हणजे इच्छा आणि स्मृती यांचा केवळ संग्रह नव्हे. त्यात एक शक्ती खेळत असते, ती कमी-अधिक होते, एका विषयावरून दुसऱ्यावर सरकते, अडवली तर तुंबते आणि वाट मिळताच बाहेर पडते, असे हे गृहीत आहे. मनोव्यापारांकडे पाहण्याच्या या दृष्टीला फ्रॉइड 'आर्थिक' दृष्टी म्हणत असे. तिचा समग्र इतिहास सांगण्याचा येथे हेतू नाही. तिची खरी परीक्षा फ्रॉइडच्याच एका निबंधात कशी झाली आणि त्या परीक्षेत ती कोठे अडली, एवढेच पाहावयाचे आहे. तो निबंध म्हणजे १९१५ साली लिहिलेला आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेला 'शोक आणि विषाद'.

ही कल्पना फ्रॉइडला कोठे मिळाली, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हेल्महोल्ट्झचा शक्तीच्या अक्षय्यतेवरील प्रबंध १८४७ चा. त्याच्या परिवारातील शरीरशास्त्रज्ञांची अशी निष्ठा होती की, सजीव देहात भौतिक व रासायनिक शक्तींखेरीज दुसरे काही मानू नये. या संप्रदायाचे एक आचार्य अर्न्स्ट ब्रुके यांच्या व्हिएन्नातील प्रयोगशाळेत फ्रॉइडने १८७६ ते १८८२ ही आपल्या तारुण्यातील सहा वर्षे काढली. संवेदना मोजण्याचे शास्त्र मांडणारा फेख्नर हाही त्याच्या आदराचा विषय होता. म्हणजे मनाच्या वाटेला लागण्यापूर्वीच राशींच्या भाषेत विचार करण्याचे वळण त्याच्या बुद्धीला पडलेले होते.

सप्टेंबर १८९५ मध्ये बर्लिनला आपला मित्र विल्हेल्म फ्लीस याला भेटून परतताना फ्रॉइडने आगगाडीतच एक टाचण लिहावयास घेतले. मज्जापेशी आणि त्यांमधून वाहणारी एक राशी, एवढ्या दोन गोष्टींच्या बळावर स्मृती, वेदना, स्वप्न आणि विचार यांची उपपत्ती लावण्याचा तो अचाट प्रयत्न होता. काही आठवड्यांतच त्याने ती वह्यांची चळत फ्लीसकडे धाडली आणि लवकरच त्या उद्योगाकडे पाठ फिरवली. पुढे फ्लीसच्या पश्चात ही कागदपत्रे विक्रीस निघाली. मारी बोनापार्तने ती विकत घेतली, आणि ती नष्ट व्हावीत ही खुद्द फ्रॉइडची इच्छा बाजूस सारून जपली. १९५० मध्ये ते टाचण छापून आले, तेव्हा त्याचा कर्ता जाऊन अकरा वर्षे झाली होती. लेखकाने टाकून दिलेला कागद त्याच्या मान्य ग्रंथांइतकाच बोलका ठरावा, असा योग वाङ्मयात क्वचित येतो.

मज्जापेशी मागे पडल्या, राशी मात्र राहिली. १८९४ च्या एका निबंधातच फ्रॉइडने म्हटले होते की, मनोव्यापारांत राशीची सर्व लक्षणे असलेले काहीतरी आहे, पण ते मोजण्याचे साधन आपल्यापाशी नाही. या वाक्यातील 'पण' फार महत्त्वाचा आहे. ज्याला माप नाही त्याला राशी कसे म्हणावे, हा आक्षेप पुढे घरच्याच माणसांनी घेतला. अमेरिकन मनोविश्लेषक लॉरेन्स कुबी याने १९४७ साली दाखवून दिले की, असली परिमाणवाचक स्पष्टीकरणे घटना घडून गेल्यावरच सुचतात. माणूस कोलमडला, कारण ताण अधिक होता. ताण अधिक होता हे कशावरून? तर तो कोलमडला यावरून. विज्ञान म्हणून या कल्पनेचा निकाल येथेच लागतो, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तरीही ती इतकी वर्षे टिकली, याचे कारण तिने एक गोष्ट चांगली उलगडून दाखवली. भावना आणि तिचा विषय यांची फारकत होऊ शकते, ही ती गोष्ट. समजा, वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी ज्याच्या डोळ्यांत टिपूस आले नाही असा एखादा मनुष्य सहा महिन्यांनी अडगळीत त्यांची मोडकी छत्री दिसताच ढसाढसा रडू लागतो. छत्रीची किंमत आणि अश्रूंची किंमत यांचा मेळ बसत नाही. मग हे दुःख आले कोठून? ते दुसऱ्या खात्यावरून येथे वळते झाले, असे फ्रॉइड म्हणेल. स्वप्नांवरील ग्रंथात तर त्याने उघडच व्यापारी उपमा वापरली आहे: दिवसभरातील एखादा विचार हा स्वप्नाचा उद्योजक असेल, पण भांडवल पुरवणारी असते ती अबोध मनातील इच्छा. पाण्याच्या आणि विजेच्या उपमांपेक्षा ही उपमा प्रस्तुत लेखकाला अधिक सरस वाटते. पाणी उतार पाहून वाहते. भांडवल मात्र कोणीतरी, कशासाठी तरी लावलेले असते.

येथे एका शब्दाचा विचार केला पाहिजे. विषयावर ऊर्जा जडणे या क्रियेसाठी फ्रॉइडने 'बेझेत्सुंग' हा अगदी रोजच्या वापरातला जर्मन शब्द घेतला. खुर्ची व्यापणे, पद भरणे, सैन्याने गाव ताब्यात घेणे, हे सगळे त्यात येते. इंग्रजी भाषांतरकार जेम्स स्ट्रेची याने त्याच्यासाठी ग्रीक धातूवरून 'कथेक्सिस' असा नवाच शब्द घडवला. फ्रॉइडला विनाकारण घडवलेल्या पारिभाषिक संज्ञांचे वावडे होते आणि हा शब्दही त्याला प्रारंभी रुचला नव्हता. फ्रेंचांनी पैसे गुंतवण्याचा शब्द स्वीकारला. आपल्या भाषेपाशी तर याहून नेमके धन आहे. 'गुंतवणूक' हा पेढीवरचा शब्द ज्या 'गुंतणे' या धातूपासून आला, त्याच धातूने आपण 'जीव गुंतला' असेही म्हणतो. एकाच धातूत भांडवल आणि माया शेजारी शेजारी बसलेली आहेत. फरक इतकाच की, पैसा आपण गुंतवतो आणि जीव गुंततो. पहिल्या क्रियेला कर्ता आहे, तो हवे तेव्हा रक्कम काढून घेऊ शकतो. दुसरी आपल्यावर येऊन पडते. फ्रॉइडच्या ऊर्जासिद्धान्ताचे बळ आणि त्याची अडचण ही दोन्ही या एका फरकात सापडतात.

आता 'शोक आणि विषाद' पाहू. फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे. प्रिय व्यक्ती गेली, हे वास्तव मनाला बजावते की आता तिच्यावर जडलेली कामशक्ती काढून घेतली पाहिजे. मन याला तयार नसते. माणूस आपली गुंतवणूक राजीखुशीने सोडत नाही, पर्यायी विषय समोर खुणावत असला तरी सोडत नाही. म्हणून हे काम एकदम होत नाही. एकेक आठवण, एकेक अपेक्षा वर काढली जाते, तिच्यावर क्षणभर सारी शक्ती एकवटते आणि मग ती सुटते. फार वेळ आणि फार शक्ती खर्ची पडून हे 'शोककार्य' संपते, तेव्हा मन पुन्हा मोकळे होते. विषादाच्या विकारात मात्र तसे होत नाही. तेथे जखम उघडी राहते, चोहोंकडून शक्ती ओढून घेते आणि 'मी'ला रिते करून टाकते.

या वर्णनातील सत्य कोणीही नाकारणार नाही. घरात मृत्यू झाल्यावर कपाट आवरण्याचे काम पुढे ढकलले जाते आणि मग एका साडीशी, एका चष्म्याच्या घराशी हात थांबतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला 'एकेक करून' या शब्दांची किंमत कळेल. पण येथेच फ्रॉइड एक कबुली देऊन जातो, आणि निबंधाचा मर्मभाग तोच आहे. वास्तवाची आज्ञा अशी तुकड्यातुकड्याने पाळली जात असताना एवढी विलक्षण वेदना का व्हावी, हे आर्थिक दृष्टीने सांगणे मुळीच सोपे नाही, असे तो म्हणतो. 'क्षणभंगुरता' या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या लेखातही त्याने शोक हे मानसशास्त्रज्ञापुढील कोडेच मानले आहे. ज्या सिद्धान्ताने हिशेब मांडावयाचा, तोच येथे शिल्लक जुळत नसल्याचे सांगतो.

ती का जुळत नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर ऊर्जा या कल्पनेच्या स्वभावातच आहे. ऊर्जा आपल्या विषयाबाबत उदासीन असते. जी उष्णता चुलीत होती तीच इंजिनात काम करते. तिला चुलीची आठवण नसते. शंभर रुपये या पेढीतून काढून त्या पेढीत ठेवले तरी ते शंभरच राहतात. म्हणून फ्रॉइडच्या हिशेबात शोकाची सांगता नव्या गुंतवणुकीच्या शक्यतेत होते. पण ज्याच्यावर माया जडली त्या माणसाला नाव असते, आणि राशीला नाव नसते. गेलेल्या मुलीवरचे प्रेम हे 'अमुक इतके प्रेम' नसून 'तिच्यावरचे' प्रेम असते. वेदना रक्कम काढून घेण्याची नाही. ही रक्कम दुसरीकडे चालणारच नाही, याची आहे.

फ्रॉइडला हे पुढे स्वतःच्या घरातच भोगावे लागले. जानेवारी १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी हॅम्बुर्ग येथे साथीच्या तापाने गेली. तिचे वय २६ वर्षांचे होते. त्याच वर्षी मृत्युप्रेरणेची कल्पना मांडणारा त्याचा ग्रंथ निघाला, तेव्हा लोक या दोहोंची सांगड घालणार हे ओळखून, मुलगी हयात असतानाच ग्रंथ निम्मा लिहून झाला होता, याची साक्ष त्याने एका सहकाऱ्याकडून मागून ठेवली. जीवनातून सिद्धान्त थेट काढू पाहणाऱ्या समीक्षकांनी ही गोष्ट विसरू नये. जून १९२३ मध्ये सोफीचा धाकटा मुलगा हाइनेले जेमतेम साडेचार वर्षांचा असताना क्षयाने गेला. तीन वर्षांनी फ्रॉइडने लुडविग बिन्सवांगर या स्विस मनोवैद्याला लिहिले की, त्या नातवानंतर इतर नातवंडांतही त्याचे मन रमले नाही. सिद्धान्ताप्रमाणे मोकळी झालेली शक्ती कोठेतरी जमा दिसावयास हवी होती. ती दिसत नाही.

एप्रिल १९२९ मध्ये, सोफी असती तर छत्तीस वर्षांची झाली असती अशा सुमारास, मुलगा गमावलेल्या त्याच बिन्सवांगरला त्याने पुन्हा पत्र लिहिले. तीव्र दुःख ओसरेल, पण सांत्वन होणार नाही. रिकामी जागा कशानेही भरली, अगदी पूर्ण भरली, तरी ते वेगळेच काहीतरी राहील. आणि हे असेच असावयास हवे, कारण जे प्रेम सोडावयाचे नाही ते चालू ठेवण्याचा हा एकच मार्ग आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. निबंध आणि पत्र यांमध्ये बारा वर्षे आहेत. निबंधातील शोकाकुल माणूस ठेव परत घेऊन मोकळा होतो. पत्रातील माणसाला मोकळे व्हावयाचेच नाही, आणि म्हणून तो रोगीही ठरत नाही.

अर्थात खाजगी पत्राने शास्त्रीय निबंध खोडला जातो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय सिद्धान्तही दरम्यान जागचा हलला होता. १९२३ च्या 'अहं आणि इदम्' या ग्रंथात फ्रॉइडने असे मांडले की, सोडून द्याव्या लागलेल्या प्रियजनांचा ठसा 'मी'मध्ये उरतो. किंबहुना माणसाचा स्वभाव हा अशा ठशांच्या थरांनीच घडतो. पूर्वी जी गोष्ट विषादाच्या विकाराचे लक्षण होती, ती आता सर्वसामान्य मनाची घडण झाली. येथे भाषाही बदललेली जाणवते. गेलेला माणूस रक्कम होऊन परत येत नाही, रूप होऊन राहतो. ऊर्जेचा शब्द तसाच राहतो, पण काम दुसराच शब्द करू लागतो.

पुढच्या पिढ्यांनी या कल्पनेचे जे केले ते येथे धावतेच सांगावयास हवे. युंगने तिला लैंगिकतेपासून सोडवून सर्वसाधारण जीवनशक्तीचे रूप दिले. त्यामुळे ती व्यापक झाली, पण तितकीच पातळ झाली. जॉन बोल्बीने १९६९ मध्ये मानसिक ऊर्जेची भाषा जाणीवपूर्वक टाकली आणि माता-बालक यांच्या बंधाकडे बंध म्हणूनच पाहिले. रॉय शेफर १९७६ मध्ये म्हणाला की, मनात शक्ती काही करीत नाहीत, माणूस करतो. शोकाच्या अभ्यासकांनी १९९६ च्या एका ग्रंथात मृतांशी असलेले नाते तुटण्याऐवजी चालू राहते असे प्रतिपादले. म्हणजे निबंध सोडून पत्राची बाजू घेतली. अलीकडे मेंदूशास्त्रज्ञ 'मुक्त ऊर्जा' हा शब्द पुन्हा वापरू लागले आहेत आणि मार्क सोल्म्सने २०२० मध्ये १८९५ च्या त्या टाचणाची नवी आवृत्तीच मांडली. पण ही मुक्त ऊर्जा अनपेक्षिततेचे गणिती माप आहे. नावाच्या सारखेपणाने हुरळून जाऊ नये.

या सर्वांत पॉल रिकरचे १९६५ चे विवेचन अधिक समतोल वाटते. फ्रॉइडच्या लेखनात शक्तीची भाषा आणि अर्थाची भाषा अशा दोन भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्यांपैकी एक काढून घेतली तर उरलेली पांगळी होते, असे तो म्हणतो. नुसता अर्थ घेतला तर दुःख हे वाचून संपवावयाचे कोडे ठरते. ते अंगावर येते, झोप मोडते, हातापायांतले बळ काढून घेते, हे सांगण्यास शक्तीचीच भाषा लागते. शेफरच्या शुद्धीकरणात नेमके हेच निसटते. शोक माणूस 'करतो' हे खरे. पण शोक त्याचे काय करतो, हे सांगावयास त्याच्यापाशी क्रियापद नाही.

म्हणून या निबंधाच्या मराठी अनुवादाला जो कोणी हात घालील, त्याला 'कथेक्सिस'च्या वाटेला न जाण्याचे सुचवावेसे वाटते. 'ऊर्जानिवेश' यासारखा सुबक संस्कृत शब्दही त्याने दूर ठेवावा. फ्रॉइडचे वाक्य जेथे हिशेब मांडते तेथे 'गुंतवणूक' लिहावे, जेथे तो हिशेब अडतो तेथे 'जीव गुंतणे' लिहावे, आणि एकाच जर्मन शब्दासाठी दोन मराठी शब्द का योजले, याची टीप खाली द्यावी.